इंग्रजीतले दोन वर्तमानकाळ आणि आपले ‘जातो’, ‘जातोय’, ‘जात असतो’

शाळेत इंग्रजीतील काळ शिकवताना फळ्यावर बहुधा दोन ओळी लिहिल्या जातात. ‘मी जातो’ म्हणजे ‘आय गो’ आणि ‘मी जात आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई आणि २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले, पण या दोन ओळींची शिदोरी तीच राहिली. पहिल्या पायरीवर ती उपयोगी पडते. पुढे मात्र तीच आड येते, कारण मराठीतले ‘जातो’ हे रूप इंग्रजीतल्या ‘गो’पेक्षा कितीतरी अधिक कामे करते, आणि ‘जातोय’ हे रूपही ‘ॲम गोइंग’च्या हद्दीत मावत नाही.

याचा पुरावा घराच्या उंबऱ्यावरच मिळतो. बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणणे अशुभ मानून ‘येतो हं’ म्हणतो. रूप साध्या वर्तमानकाळाचे असते आणि क्रियापद उलट्या दिशेचे, पण अर्थ ‘मी आता निघतो आहे’ असा असतो. आतून हाक आली की आपण ‘आलोच!’ असे उत्तर देतो. रूप भूतकाळाचे, आणि माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. इंग्रजीत पहिल्या वेळी ‘आय ॲम लीव्हिंग’ आणि दुसऱ्या वेळी ‘आय ॲम कमिंग’ म्हणावे लागेल. मराठीतले रूप पाहून इंग्रजीतले रूप निवडायचे ठरवले, तर ही दोन्ही वाक्ये चुकतील. म्हणून या लेखात रूपांची जोडी लावण्याऐवजी, इंग्रजी बोलणारा माणूस हा फरक नेमका कशासाठी करतो ते आधी पाहू आणि मग मराठी माणूस कुठे कुठे अडखळतो त्या जागा तपासू.

फरक वेळेचा नाही

सिम्पल प्रेझेंट म्हणजे ‘नेहमी’ आणि प्रेझेंट कंटिन्युअस म्हणजे ‘आत्ता’, असे सांगण्याची पद्धत आहे. हे सूत्र सोपे आहे, पण त्याला तडे लवकर जातात. ‘आय नो हिम’ हे वाक्य आत्ता, या क्षणी खरे असते, तरीही ते ‘आय ॲम नोइंग हिम’ होत नाही. उलट, एखादा माणूस जेवता जेवता ‘आय ॲम रीडिंग अ नॉव्हेल धिस वीक’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या हातात पुस्तक नसते, घास असतो. तरी वाक्य बिनचूक असते.

खरा फरक बोलणाऱ्याच्या नजरेचा आहे. सिम्पल प्रेझेंटमध्ये तो एखादी क्रिया किंवा स्थिती संपूर्ण, ठरलेली गोष्ट म्हणून समोर ठेवतो. ती कधी सुरू झाली, कधी संपेल, याची तो वाच्यता करत नाही. कंटिन्युअसमध्ये तो त्या क्रियेच्या मध्यावर उभा असतो : ती सुरू झालेली आहे, अजून संपलेली नाही, आणि ती कायमची चालणारी नाही, ही तिन्ही सूचना त्या एका रूपात असतात. ‘वॉटर बॉइल्स ॲट १०० डिग्रीज’ हे समुद्रसपाटीवरच्या पाण्याचे गुणधर्मवर्णन झाले, चुलीवर पातेले असो वा नसो. ‘द वॉटर इज बॉइलिंग’ म्हणजे चहाचे आधण आले आहे, कोणीतरी उठून पावडर टाकावी. मराठीतही ‘पाणी शंभर अंशांवर उकळते’ आणि ‘पाणी उकळते आहे’ असा भेद आपण करतोच. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त ती व्यक्त करण्याच्या सीमारेषा दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या ठिकाणी आखल्या आहेत.

रूपांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. साध्या वर्तमानात कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल, म्हणजे ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा त्यांच्या जागी बसणारे नाम असेल, तर क्रियापदाला ‘एस’ किंवा ‘ईएस’ लागतो : ‘आय वर्क’, पण ‘शी वर्क्स’. चालू वर्तमानात ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ आणि पुढे क्रियापदाचे ‘आयएनजी’ रूप येते, आणि या दोहोंपैकी एकालाही सुट्टी नसते. ‘शी वर्किंग’ हे जसे अपुरे, तसेच ‘शी इज वर्क’ हेही. प्रश्न आणि नकार करताना साध्या वर्तमानाला ‘डू’ किंवा ‘डझ’ या साहाय्यकारी क्रियापदाची मदत लागते, आणि ‘डझ’ आला की मूळ क्रियापदाचा ‘एस’ तो स्वतःकडे घेतो. म्हणून ‘शी डझन्ट वर्क’ म्हणायचे, ‘शी डझन्ट वर्क्स’ नाही. एका वाक्यात तो ‘एस’ एकदाच दिसला पाहिजे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

नकारातला सापळा

मराठीत ‘तो मांस खातो’ याचा नकार ‘तो मांस खात नाही’ असा होतो. होकारात ‘खातो’ होते, नकारात ‘खात’ झाले. ‘तो मांस खात आहे’ या चालू वर्तमानकाळाच्या वाक्याचा नकारही लिखित मराठीत ‘तो मांस खात नाही’ असाच होऊ शकतो. होकारात वेगळे असलेले दोन काळ नकारात एकाच रूपात मिसळतात, आणि ते रूप दिसायला चालू वर्तमानकाळासारखे असते. परिणामी ‘मी चहात साखर घेत नाही’ हे वाक्य मनातल्या मनात उलटवताना ‘आय ॲम नॉट टेकिंग शुगर’ असे होते.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही, म्हणून शिक्षकाच्या लाल पेनातून ते सुटते. त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. ऐकणाऱ्याला असे वाटते की या गृहस्थांनी सध्या साखर सोडली आहे, बहुधा डॉक्टरांनी सांगितले असावे, आणि महिनाभराने ते पुन्हा घेतील. ज्याला साखर कधीच चालत नाही त्याने ‘आय डोन्ट टेक शुगर’ म्हणायला हवे. बोली मराठीने हा गोंधळ सोडवण्यासाठी स्वतःची युक्ती काढली आहे : ‘मी साखर घेत नाही’ ही सवय आणि ‘मी सध्या साखर घेत नाहीये’ ही तात्पुरती गोष्ट. म्हणून नकारार्थी वाक्याचे इंग्रजी करण्यापूर्वी तेच वाक्य बोलीत म्हणून पाहावे. ‘नाहीये’ सहज बसत असेल तर कंटिन्युअस, ‘नाही’च बसत असेल तर साधा वर्तमान.

सवय, तक्रार आणि तात्पुरता मुक्काम

मराठी व्याकरणात रीतिवर्तमान नावाचा एक काळ सांगितला जातो : ‘आजोबा रोज पहाटे फिरायला जात असतात.’ यातही ‘जात’ आहे, त्यामुळे ‘ग्रँडफादर इज गोइंग फॉर अ वॉक डेली’ हे भाषांतर जिभेवर येते. सवय, परिपाठ, नित्यक्रम यांसाठी इंग्रजीला साधा वर्तमान पुरतो : ‘ग्रँडफादर गोज फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग.’ पण इंग्रजीतही एक खास जागा अशी आहे जिथे वारंवार घडणाऱ्या गोष्टीसाठी कंटिन्युअस वापरतात, आणि ती जागा मराठी माणसाला चटकन उमगते. ‘तू काय सारखा मोबाईल बघत असतोस!’ यात ‘असतोस’ने केवळ सवय सांगितलेली नाही, वैतागही ओतला आहे. इंग्रजीत हाच वैताग ‘यू आर ऑलवेज लुकिंग ॲट युअर फोन’ या वाक्यात येतो. ‘यू ऑलवेज लुक ॲट युअर फोन’ म्हटले तर ती निव्वळ नोंद होते, आईचा आवाज त्यातून निघून जातो.

दुसरी जागा राहण्याची आणि नोकरीची. ‘मी साताऱ्याला राहतो’ आणि ‘सध्या मी पुण्याला राहतो’ यांत मराठीने क्रियापद बदललेले नाही. ‘सध्या’ या शब्दावर भिस्त ठेवली आहे. इंग्रजी मात्र क्रियापदच बदलते. ‘आय लिव्ह इन सातारा’ म्हणजे घर तिथले. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणजे शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा बहिणीकडे काही काळ मुक्काम आहे. पुण्यात स्वतःचे घर घेऊन वीस वर्षे स्थिरावलेल्या माणसाने नकळत दुसरे वाक्य वापरले, तर ऐकणारा ‘मग परत केव्हा जाणार?’ असे विचारण्याची शक्यता आहे.

नोकरीच्या मुलाखतीत याहून मोठी पंचाईत होते. ‘व्हॉट डू यू डू?’ हा प्रश्न व्यवसायाचा आहे. त्याचे उत्तर ‘आय टीच’, ‘आय वर्क इन अ बँक’ असे येते. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ हा प्रश्न या घटकेला चाललेल्या कामाचा आहे. मराठीत ‘काय करता?’ आणि ‘काय करताय?’ हे दोन्ही प्रश्न व्यवसायाबद्दल असू शकतात, विशेषतः वधूवरांच्या बैठकीत, जिथे ‘मुलगा सध्या काय करतोय?’ या प्रश्नाला ‘समोर बसून पोहे खातोय’ असे उत्तर कोणीच देत नाही.

‘मला’ लावून पाहण्याची परीक्षा

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम वाँटिंग अ रूम’ ही वाक्ये भारतात इतकी ऐकू येतात की त्यांना भारतीय इंग्रजीचे लक्षणच मानले जाते. मुंबईत जन्मलेले इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी या लकबीवर उघडपणे कविता लिहिल्या. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. अर्जात, परीक्षेत आणि परदेशी पाठवायच्या पत्रात मात्र ती चूक धरली जाते.

इंग्रजी व्याकरणे या क्रियापदांना स्थितिदर्शक म्हणतात आणि तीस-चाळीस क्रियापदांची यादी पाठ करायला लावतात. माझ्या मते मराठी माणसाला यादी पाठ करण्याची गरज फारशी पडू नये, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेने हे वर्गीकरण आधीच करून ठेवले आहे. मराठीत माणूस जे करतो ते ‘मी’ने सांगितले जाते, आणि जे त्याच्या मनात किंवा बाबतीत आपोआप असते ते ‘मला’ने. ‘मला माहीत आहे’, ‘मला वाटते’, ‘मला आवडते’, ‘मला हवे आहे’, ‘मला आठवते’, ‘मला समजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’. इंग्रजीत हे सारे ‘आय’ने सुरू होते : ‘आय नो’, ‘आय थिंक’, ‘आय लाइक’, ‘आय वाँट’, ‘आय रिमेंबर’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. कर्ता आणि अनुभव घेणारा यांतला जो फरक मराठी विभक्तीने दाखवते, तो इंग्रजी काळाच्या निवडीने राखते : अशा ठिकाणी कंटिन्युअस वापरत नाही. अडचण एवढीच, की ‘मला आठवतंय’, ‘मला कळतंय’ असे म्हणण्याची मुभा मराठीत आहे. म्हणून शेवटच्या ‘-तंय’कडे न पाहता सुरुवातीच्या ‘मला’कडे पाहावे.

या परीक्षेची खरी मजा दुहेरी क्रियापदांत येते, म्हणजे जी कधी साध्या वर्तमानात अडकून राहतात आणि कधी ‘आयएनजी’ खुशाल घेतात. इंग्रजी शिकणाऱ्याला ती लहरी वाटतात, पण मराठीत पाहिले तर बहुतेक ठिकाणी एका इंग्रजी शब्दामागे दोन निराळी क्रियापदे उभी असतात. ‘थिंक’ घ्या. ‘मला वाटते तो येईल’ हे मत आहे : ‘आय थिंक ही विल कम.’ ‘मी विचार करतोय’ ही क्रिया आहे : ‘आय ॲम थिंकिंग.’ ‘हॅव’ घ्या. ‘माझ्याकडे सायकल आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ बायसिकल’, पण ‘मी जेवतोय’ म्हणजे ‘आय ॲम हॅविंग लंच’. आमटी खारट लागते तेव्हा ‘इट टेस्ट्स सॉल्टी’, आणि आई वाटीत घेऊन तिची चव बघत असते तेव्हा ‘शी इज टेस्टिंग इट’. हापूसचा वास छान येतो तेव्हा ‘इट स्मेल्स नाइस’, आणि गिऱ्हाईक पेटीतला आंबा नाकाशी धरून हुंगत असते तेव्हा ‘ही इज स्मेलिंग द मँगो’. पोते पन्नास किलो भरते तेव्हा ‘इट वेज फिफ्टी किलोज’, आणि दुकानदार ते काट्यावर तोलत असतो तेव्हा ‘ही इज वेइंग इट’. प्रत्येक जोडीतले दुसरे वाक्य कोणीतरी हेतुपुरस्सर करत असलेले काम सांगते, आणि काम सुरू असू शकते, अर्धवट राहू शकते, थांबवता येते. खारटपणा अर्धवट थांबवता येत नाही.

परीक्षा शंभर टक्के खरी ठरत नाही, हेही सांगायला हवे. ‘मला थंडी वाजते आहे’, ‘मला कंटाळा येतो आहे’ यांत ‘मला’ असूनही इंग्रजीत ‘आय ॲम फीलिंग कोल्ड’, ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ असे चालते, कारण शरीराच्या आणि मनाच्या या अवस्था चढतात-उतरतात. डोके दुखण्याला तर ‘माय हेड एक्स’ आणि ‘माय हेड इज एकिंग’ अशी दोन्ही रूपे सारखीच लागू पडतात. उलट ‘बिलीव्ह’, ‘बिलाँग’, ‘कंटेन’ यांच्यासाठी मराठीत ‘मला’ येत नाही. ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवतो’, ‘हे शेत आमचे आहे’, ‘या डब्यात तांदूळ आहेत’. तरी ‘आय बिलीव्ह यू’, ‘धिस लँड बिलाँग्स टू अस’, ‘धिस टिन कंटेन्स राइस’ असे साधे वर्तमानच हवे. एवढी मोजकी क्रियापदे मात्र लक्षात ठेवावी लागतात. आणि मॅकडोनाल्ड्सच्या २००३ पासूनच्या जाहिरातीतले ‘आय ॲम लव्हिन इट’ पाहून कोणी हा नियम मोडीत काढू नये. तिथे ‘लव्ह’ हे क्रियापद प्रेमाची कायमची भावना सांगत नाही, तोंडातल्या घासाचा चाललेला आस्वाद सांगते, आणि नेहमीच्या नियमाला दिलेला तो धक्काच त्या ओळीचे भांडवल आहे.

बसला आहे, घातला आहे, झोपला आहे

यानंतरची जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल इंग्रजीत लिहिलेली व्याकरणे काहीच सांगू शकत नाहीत. ती अडचण मराठी माणसाचीच आहे. शाळेत चित्रवर्णनाचा प्रश्न येतो. चित्रात एक मुलगा बाकावर बसला आहे, त्याने निळा शर्ट घातला आहे, बाकाखाली कुत्रा झोपला आहे आणि झाडाखाली एक बाई उभी आहे. मराठीतले हे चारही भाग चालू वर्तमानकाळाचे नाहीत. पहिल्या तीन ठिकाणी पूर्ण वर्तमानकाळ आहे, चौथ्या ठिकाणी विशेषण आणि ‘आहे’. पण इंग्रजीत चारही ठिकाणी कंटिन्युअस लागतो : ‘ही इज सिटिंग ऑन अ बेंच’, ‘ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट’, ‘अ डॉग इज स्लीपिंग’, ‘अ वुमन इज स्टँडिंग अंडर अ ट्री’. मराठीतून थेट गेलेला विद्यार्थी ‘ही हॅज वॉर्न अ ब्लू शर्ट’ आणि ‘द डॉग हॅज स्लेप्ट’ असे लिहितो.

कारण असे, की मराठी अशा क्रियांचे दोन तुकडे करते. बसण्याची क्रिया टेकताक्षणी पूर्ण झाली. नंतर जे उरते ती त्या क्रियेची फलश्रुती, म्हणून ‘बसला आहे’. ‘तो बसतोय’ म्हटले तर तो अजून टेकलेला नाही, गुडघे वाकवतो आहे. इंग्रजीतले ‘सिट’ हे टेकल्यानंतरच्या अवस्थेलाही क्रियाच समजते, जी चालू राहते आणि उठल्यावर संपते. त्यामुळे ‘तो शर्ट घालतोय’ याचे इंग्रजी ‘ही इज पुटिंग ऑन अ शर्ट’ आणि ‘त्याने शर्ट घातला आहे’ याचे ‘ही इज वेअरिंग अ शर्ट’. ‘ती साडी नेसते आहे’ यात निऱ्या अजून हातात आहेत. ‘ती साडी नेसली आहे’ हे ‘शी इज वेअरिंग अ सारी’. ‘बाळ झोपतंय’ म्हणजे पाळण्याची दोरी सोडू नका. ‘बाळ झोपलंय’ म्हणजे ‘द बेबी इज स्लीपिंग’. हातात धरणे, भिंतीला टेकणे, झाडाला लटकणे यांचाही हाच न्याय. आणि ‘उभा राहतोय’ हे तर निवडणुकीच्या हंगामात आणखी निराळे होते, पण तिथे योगायोगाने ब्रिटिश इंग्रजीही ‘ही इज स्टँडिंग फॉर इलेक्शन’ असेच म्हणते.

क्रिया डोळ्यांसमोर, तरी साधा वर्तमान

काही ठिकाणी गोष्ट ऐन या क्षणी घडत असते, तरी इंग्रजी साधा वर्तमान वापरते. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन याचे उत्तम उदाहरण आहे. ‘ही रन्स इन, ही बोल्स, ही ड्राइव्ह्ज’. समालोचकाने उच्चारेपर्यंत चेंडू सीमेपाशी गेलेला असतो, म्हणून प्रत्येक कृती एकसंध, पूर्ण घटना म्हणून सांगितली जाते. त्याच समालोचनात ढग जमू लागले किंवा प्रेक्षक ओरडत असले की ‘द क्लाउड्स आर गॅदरिंग’, ‘द क्राउड इज चिअरिंग’ येते. मराठी समालोचकही ‘गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो’ असेच म्हणतो, तेव्हा इथे वेगळे काही शिकायला नको.

शब्द उच्चारणे हेच ज्यांचे घडणे असते, अशा क्रियाही साध्या वर्तमानात येतात. मंत्री ‘मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ असे म्हणतो. ‘शपथ घेत आहे’ असे म्हणाला तर तो स्वतःच स्वतःची बातमी देतो आहे असे वाटेल. म्हणून ‘आय प्रॉमिस’, ‘आय अपॉलॉजाइझ’, ‘आय रिक्वेस्ट यू’. कार्यालयीन पत्रांत ‘आय ॲम रिक्वेस्टिंग यू’ असे लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे विनंती उगाच रेंगाळते.

वेळापत्रकाच्या बाबतीत तर दोन्ही भाषा जवळजवळ हातात हात घालून चालतात. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते : ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट ७.१५.’ ते रेल्वेचे ठरलेले आहे, तुमच्या-माझ्या मर्जीवर नाही. ‘मी उद्या डेक्कन क्वीनने जातोय’ हा माझा बेत आहे, तिकीट काढले आहे : ‘आय ॲम टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो.’ भविष्यातली गोष्ट असूनही एकात साधा वर्तमान आणि दुसऱ्यात चालू वर्तमान, आणि दोन्ही भाषांत अगदी त्याच जागी. फरक पडतो तो ऐनवेळी ठरवलेल्या किंवा देऊ केलेल्या कामात. ‘थांब, मी दार उघडतो’, ‘पैसे मी देतो’ या वाक्यांत मराठी साधा वर्तमान वापरते, पण इंग्रजीत इथे दोन्ही वर्तमान बाजूला ठेवून ‘आय विल ओपन द डोअर’, ‘आय विल पे’ असे भविष्यकाळी रूप घ्यावे लागते.

इंग्रजी पूर्वी इतकी काटेकोर नव्हती, हे जाणून काहींना दिलासा वाटेल. सुमारे १६०० च्या आसपास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस पुस्तक वाचत असलेल्या राजपुत्राला ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ असे विचारतो. आजचा इंग्रज इथे ‘व्हॉट आर यू रीडिंग?’ असेच विचारेल. म्हणजे त्या काळी ‘काय वाचता?’ आणि ‘काय वाचताय?’ या दोन्हींसाठी एक रूप चालत असे. कंटिन्युअसचा वापर पुढच्या शतकांत वाढत गेला आणि आज तो अनेक ठिकाणी ऐच्छिक न राहता अनिवार्य झाला आहे.

दोन्ही वर्तमान जिथे चालत नाहीत अशी आणखी एक जागा आहे, आणि तिथे मराठी माणूस हमखास फसतो. ‘मी दहा वर्षांपासून इथे काम करतो’ किंवा ‘करतोय’, काहीही म्हटले तरी मराठीत वर्तमानकाळच आहे. इंग्रजीत मात्र मागून चालत आलेला कालावधी सांगितला की काळ बदलतो : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.’ ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ यात कालावधीसाठी ‘फॉर’ऐवजी आरंभबिंदूचा ‘सिन्स’ आला, ही दुसरी चूक.

आता एक छोटा फोन ऐकू. ‘आई, मी गाडीत बसलोय. गाडी सव्वासातला सुटते. एरवी मी बसने जातो, पण या आठवड्यात घाटातला रस्ता दुरुस्त करतायत, म्हणून गाडीने जातोय. समोरच्या आजोबांनी आपल्या नानांसारखीच टोपी घातलीय. मला तुझा आवाज नीट ऐकू येत नाहीये. पोचलो की फोन करतो.’

पहिले वाक्य ‘आय ॲम सिटिंग इन द ट्रेन’, कारण बसलोय म्हणजे बसण्याची अवस्था चालू आहे. दुसरे ‘इट लीव्ज ॲट ७.१५’, कारण ते वेळापत्रक आहे. तिसऱ्यात तीन तुकडे आहेत : ‘आय यूज्वली गो बाय बस’ हा परिपाठ, ‘दे आर रिपेअरिंग द घाट रोड धिस वीक’ ही तात्पुरती गोष्ट, आणि तिच्यामुळे तितकेच तात्पुरते ‘सो आय ॲम टेकिंग द ट्रेन’. आजोबांच्या टोपीसाठी ‘इज वेअरिंग’, कारण ती डोक्यावर आहे, चढवली जात नाही. आवाजाच्या वाक्यात ‘मला’ आहे, म्हणून ‘नाहीये’ असूनही ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’ न म्हणता ‘आय कान्ट हिअर यू प्रॉपर्ली’ म्हणायचे. आणि शेवटचे ‘पोचलो की फोन करतो’ इंग्रजीत ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’ असे उतरते : ‘पोचलो’ हे भूतकाळाचे रूप साध्या वर्तमानात गेले, आणि ‘करतो’ हे साध्या वर्तमानाचे रूप भविष्यकाळात.